जागतिक व्यापार आणि मामाची खुर्ची

२ जानेवारी

काल मुद्दाम लिहिलं नाही. एक तारखेला सगळं जग डायरी लिहायला बसतं. आणि एक तारखेला संकल्प करणारी माणसं आठ तारखेला शोधून सापडत नाहीत. मी दोन तारखेचा माणूस.

डायरी मामाच्या ऑफिसातली, फुकटची. प्रत्येक पानाखाली जहाजाचं चित्र. दुर्लक्ष करायचं.

यंदाचा संकल्प एकच. त्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ट्रेड पॉलिसीची इंटर्नशिप. जाहिरात आजच आली. सहा महिने तिकडे परदेशात राहायचं आणि देशादेशांमधल्या व्यापाराच्या नियमांचा अभ्यास करायचा. अर्थशास्त्रात एम.ए. हवं. आहे. वय तिशीच्या आत हवं. आहे, काठावर का होईना. विश्लेषणाची आवड हवी. ती तर जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून ते मला बघून दार लावून घेतात.

म्हणजे निवड झाल्यातच जमा. फक्त अर्ज करायचा बाकी आहे.

३ जानेवारी, दुपारी, ऑफिस

मी सध्या जिथे बसतो त्या जागेचं वर्णन एकदाच करून ठेवतो, पुन्हा शाई वाया घालवणार नाही.

मामा कस्टम्सचा क्लिअरिंग एजंट. लोकांचा माल बाहेरून बंदरात येतो, मामा त्याचे कागद भरतो, माल सुटतो. सगळी हयात यातच गेली. दोन खोल्या, उघडलं की बंद न होणारं एक कपाट, आणि जिकडे हात टाकावा तिकडे फायली. मी इथे चार वर्षं आहे. तात्पुरता.

समोर स्टेपलर बसते. तिला खरं नाव आहे, पण कुठलाही वाद ती कागदावर ठक्क करून संपवते, म्हणून मी मनात हे नाव ठेवलं. आज सकाळी ती आणि मामा जोरजोरात भांडत होते. विषय काय, तर फरशी पुसायचा मॉप ब्रशमध्ये धरायचा की कापडात. टॅरिफच्या पुस्तकात प्रत्येक वस्तूचा नंबर असतो, त्यावर ड्यूटी ठरते. जगाची व्यापारव्यवस्था कोसळायला आलीय आणि ही दोघं मॉपपाशी अडकलीत. शेवटी ठक्क.

मला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणालो, मला मॉपबद्दल काही वाटत नाही.

४ जानेवारी

मामाने केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे काय, प्लायवुडचा आडोसा. म्हणाला, गुडघा आता ऐकत नाही, डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यात ऑपरेशन करूनच टाका. त्या दिवसांत कुणीतरी माझ्या खुर्चीत बसायला हवं. तू बस. आणि मी परत आलो तरी उठू नकोस. ऑफिस तुझंच. मला कोण आहे दुसरं? खालच्या मजल्यावरची मोठी एजन्सी केव्हाची मागे लागलीय, विकून टाका म्हणून. त्यांना सांगून ठेवलंय, माझा भाचा आहे.

मी म्हणालो, बघू.

मामा मनाने चांगला आहे, पण दृष्टी नाही. गरुडाला खुराडं देऊ करतोय आणि वर म्हणतो, खुराडं हवेशीर आहे. मी इंटर्नशिपचं सांगितलं. त्याला वाटलं पगारी नोकरी. समजावून सांगितलं. मग म्हणाला, वा, मग ऑपरेशनचं पुढे ढकलतो जरा, तुझं आधी कळू दे. डॉक्टरांना घाबरतो, दुसरं काय.

७ जानेवारी

सीव्ही. दोन पानांत बसवा म्हणतात. दोन पानांत बसणारी माणसं हवी असतील तर माझा नाइलाज आहे. माझी सहा झाली. समास काढले, अक्षर बारीक केलं, बसलं दोनात. वाचायला भिंग लागेल. एवढ्या मोठ्या संस्थेत एक भिंग नसेल?

मामाचं ऑफिस गाळणार होतो. आई म्हणाली, मग चार वर्षं काय करत होतास, झोपला होतास? आईला कधी कधी सुचतं. 'सीनियर कन्सल्टंट, सीमापार व्यापार सुलभीकरण' असं लिहिलं. स्टेपलरने मागून वाचलं आणि विचारलं, हे साहेब कोण? उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नव्हता.

भाषा : इंग्रजी उत्तम, फ्रेंच मध्यम. फ्रेंच उद्यापासून सुरू करतोय.

१२ जानेवारी, सकाळी ११

मोटिव्हेशन लेटर. तुम्हाला आमच्याकडे का यायचंय, ते लिहा म्हणे. खरं तर मी त्यांना का हवाय, हे त्यांनी लिहायला पाहिजे. असो. पहिल्या परिच्छेदात जागतिक व्यापारात काय चुकलं. दुसऱ्यात कुणाचं चुकलं. तिसऱ्यात आणखी कुणाचं. मी स्वतः अकराव्या परिच्छेदात येतो.

मामाने टेबलावर फाइल ठेवली. खेळण्यांचा कंटेनर अडकलाय, बघतोस का? बघतो म्हणालो. बघितली. तिथेच आहे अजून.

१३ जानेवारी

अर्जातला चौकोन पाचशे शब्दांच्या पुढे काही घेतच नाही. माझं पत्र 'आणि म्हणूनच माझं असं ठाम मत आहे की' इथे तुटतं. आधी चिडलो. मग लक्षात आलं, हे तर उत्तमच झालं. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. मत ऐकायला तरी बोलावतीलच.

खेळण्यांची फाइल स्टेपलर स्वतःहून घेऊन गेली. काही लोकांना कामाची हौसच असते, त्याला आपण काय करणार.

१६ जानेवारी

फ्रेंचचा पहिला धडा. मी मुलगा आहे. मी सफरचंद खातो. दुसरा धडा. ती मुलगी आहे. तीही सफरचंद खाते. ही भाषा माझ्या पातळीची नाही. गाभा लक्षात आला, बाकीचं तिकडे गेल्यावर कानावर पडेल.

२० जानेवारी

शिफारसपत्र लागतं. एम.ए.ला शिकवणारे सर आता विभागप्रमुख झालेत. कसे झाले, विचारू नये. खोलीबाहेर बाकावर दोन मुली आणि एक मुलगा, हातात हीच जाहिरात. त्यांच्याकडे बघून मला खरोखर वाईट वाटलं. एवढं भाडं खर्चून आले होते बिचारे. एका मुलीने विचारलं, टॅरिफचा थोडा अभ्यास करून गेलेलं बरं ना? म्हणालो, ते वाचून येत नसतं, रक्तात असावं लागतं. तिने मान हलवून वाचन पुढे चालू केलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सर घाईत होते. मान वर न करता म्हणाले, तूच लिहून आण रे, मी सही करतो. ते सगळ्यांनाच असं सांगतात, जुनी पद्धत आहे. पण माझ्या बाबतीत कारण वेगळं. याच्याबद्दल लिहायला आपली लेखणी पुरणार नाही, हे सरांनी ओळखलं.

२२ जानेवारी

स्वतःची स्तुती स्वतः लिहिणं माझ्यासारख्या माणसाला जड जातं. तरी तीन पानं झाली. काही वाक्यं खरंच उतरलीत. 'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत इतकी तल्लख बुद्धी मी पाहिली नाही.' 'त्याच्याशी चर्चा करताना अनेकदा मला, त्याच्या गुरूला, माघार घ्यावी लागली.' आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शेवट : 'विनय हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, पण हे तो स्वतः कधीच सांगणार नाही.'

वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सर किती छान लिहितात.

२४ जानेवारी

सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली, वाचलंही नाही. विश्वास म्हणतात तो हा. निघताना म्हणाले, याची कॉपी मेल कर मला, चांगला मजकूर आहे, ठेवून देतो. म्हणजे आमच्या विभागाच्या संग्रहात माझी नोंद राहणार. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण विद्यापीठाला उशिरा का होईना जाग आली.

२९ जानेवारी

अर्ज गेला!

बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मेल आला. आपला अर्ज मिळाला, आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. इतक्या तातडीने? म्हणजे वाटच बघत बसले होते. खाली लिहिलं होतं, या मेलला उत्तर देऊ नये. पण आभाराला उत्तर न देणं हा उद्धटपणा. मी सविस्तर उत्तर दिलं.

मामाला सांगितलं, आभार मानलेत त्यांनी. मामा लंगडत लंगडत खालच्या मजल्यापर्यंत सांगून आला. आई म्हणाली, बाजारात तुरी आणि यांची आताच मारामारी. आईचं जग स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी संपतं.

९ फेब्रुवारी

वाट बघणं हेसुद्धा काम आहे, पण हे कुणाला पटत नाही. मामाच्या फायलींना हात लावणं बंद केलंय. उद्या जो माणूस नियम बनवणार, त्याने आज तेच नियम चौकोनात भरत बसायचं, हे शोभत नाही. स्टेपलर दोघांचं काम करतेय. आज तिने माझ्या टेबलावर मॉप आणून ठेवला. खराखुरा, नमुन्याचा. म्हणाली, जागतिक व्यापाराचा एक नमुना, साहेब, साफसफाईला घ्या. मामा हसला. मी नोंद घेतली.

मामाने ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलली. जिना चढताना मध्ये दोनदा थांबतो. मी म्हणालो, करून टाक की एकदाचं. म्हणाला, खुर्चीत कोण बसेल रे? विषय बदलला.

२३ फेब्रुवारी

आला! मेल आला!

संस्थेतून व्हिडिओ कॉल, तीन मार्चला. 'आपल्या शिफारसपत्रासंदर्भात काही बाबी स्पष्ट करून घ्यायच्या आहेत.' सरांचं पत्र वाचून बसायची ताकद राहिली नसेल त्यांच्यात. बाकी लोकांना इंटरव्ह्यूला बोलावतात, मला स्पष्टीकरणाला. माझ्या मते ही थेट शेवटची फेरी.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, यात अभिनंदन कुठे दिसत नाही. आईचं इंग्रजी हा वेगळाच विषय आहे.

२५ फेब्रुवारी

राजीनामा दिला. लेखी. कारण 'उच्चतर जबाबदाऱ्या'. मामाने वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मग खिशातून काढून स्टेपलरला दिला, फाइलला लाव म्हणाला. ठक्क. या वेळी तो आवाज जरा बरा वाटला.

घरी नेटवर्क वाईट आहे, म्हणून कॉल मामाच्या केबिनमधून करणार आहे. ऑफिस त्या वेळेपुरतं बंद ठेव, असं मामाला सांगितलं. ठेवतो म्हणाला. राजीनामा दिलेल्या माणसाचं इतकं ऐकतात, यावरून माझी किंमत लक्षात यावी.

३ मार्च, दुपारी

झाला कॉल. डोकं ताजं आहे तोवर लिहून काढतो.

मामाने स्टेपलरला बाहेर पाठवलं आणि स्वतः केबिनच्या दारापाशी स्टूल टाकून बसला, कुणी आत येऊ नये म्हणून. पलीकडे तिघं. आखूड केसांची एक बाई आणि दोन पुरुष. त्यातला एक फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. मी म्हणालो, मी मुलगा आहे. तो फार खूश झालेला दिसला.

मग बाईंनी सरांचं पत्र वाचायला घेतलं. मोठ्याने! तल्लख बुद्धी, गुरूची माघार, सगळं. विनयाच्या वाक्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, पत्र उत्कृष्ट आहे, अडचण एवढीच की याच प्राध्यापकांकडून या वर्षी आम्हाला चार उमेदवारांसाठी हेच पत्र आलंय. फक्त नाव वेगळं. दोन पत्रांत तर 'तो'चं 'ती' करायचंही राहून गेलंय.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाकावरचे ते तिघं! माझं पत्र सरांनी त्या फडतूस लोकांना वाटलं. अशा वेळी दुसरा कुणी गडबडला असता. मी शांतपणे म्हणालो, मॅडम, मूळ पत्र माझं आहे, बाकीच्या नकला आहेत. बाईंनी विचारलं, हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?

मी म्हणालो, कारण ते मी स्वतः लिहिलंय.

तिघांनी माइक बंद केले. एकाने तोंडावर हात ठेवला, भारावला असणार. दुसरा कॅमेऱ्याबाहेर गेला तो आलाच नाही. माइक पुन्हा सुरू झाले तेव्हा बाई जरा मायेने बोलायला लागल्या. म्हणाल्या, तुमच्या सीव्हीत सीमापार व्यापार सुलभीकरणाचा उल्लेख दिसतो, म्हणजे क्लिअरिंगचं काम ना, आम्हाला खरं तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेले लोक हवे असतात, त्याबद्दल काही सांगाल? चांगली संधी होती. मी स्पष्टच सांगितलं की ते काम कारकुनी आहे, त्यात शिकण्यासारखं काही नाही, चार वर्षं तिथे बसलो ते निव्वळ मामाचं मन राखायला. बाईंनी लिहून घेतलं. वेळेआधीच संपवलं, म्हणजे विचारायला काही उरलं नव्हतं.

दार उघडलं. मामा स्टुलावरून उठता उठेना, हात द्यावा लागला. म्हणाला, काय झालं? म्हणालो, झालं, गेलोच समज. नक्की? नक्की, काळ्या दगडावरची रेघ. मामाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चार वर्षं माझं मन राखलंस रे, आता तुझ्या मनासारखं होऊ दे. हे मध्येच कुठून काढलं कोण जाणे. वय झालं की माणूस हळवा होतो. इंग्रजी त्याला कळतं, पण पत्रव्यवहारापुरतं.

९ मार्च

सरांचा फोन. संस्थेने विद्यापीठाला लिहिलंय. सर मला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्यांना इतके शब्द येतात हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, सर, पत्र तुम्ही वाटलंत. ते म्हणाले, पण मी लिहिलं नाही असं बोंबलत सांगायला तुला कुणी सांगितलं होतं? आता त्यांची चौकशी. नाचता येईना अंगण वाकडं. स्वतः लिहायचं नाही, आणि लिहिणाऱ्याचं नाव निघालं की जळफळाट.

मामाचे दोन फोन येऊन गेले. एकदा येऊन जा, सांगायचंय काहीतरी. म्हणालो, तयारीत आहे. आईनेही काढलं होतं, दादा ऑफिसचं काहीतरी म्हणत होता. मी तिला तिथेच थांबवलं. ऑफिस हा विषय माझ्यापुरता संपलाय.

१६ मार्च

कळवण्यास खेद वाटतो, वगैरे.

शेवटी भावी वाटचालीस शुभेच्छा दिल्यात. सगळ्यांना देत नसतील.

१७ मार्च

शांतपणे विचार केला. सहा महिन्यांची इंटर्नशिप. म्हणजे शेवटी उमेदवारीच ना? तिशीला टेकलेल्या माणसाने कुणाच्या हाताखाली उमेदवारी करायची? लोक म्हणतील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण एखादं द्राक्ष खरंच आंबट असू शकतं की नाही? का कोल्ह्याने सांगितलं म्हणून ते गोडच मानायचं?

निर्णय : मामाची खुर्ची स्वीकारायची. सुधारणा करायच्या. पहिली सुधारणा, स्टेपलरचा स्टेपलर जप्त. दुसरी, कपाट. संस्थेचं मात्र इतक्यात कुणाला सांगायचं नाही. मोठ्या मनाने संधी सोडून मी मामासाठी थांबलो, असं सांगता येईल. तसं ते खोटंही नाही.

लगेच गेलो तर गरजू दिसेन. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मामालाही जरा कळू दे, माझ्याशिवाय कसं चालतं ते.

२० मार्च, दुपारी

ऑफिसवर गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दारावर पाटी नव्हती. चार स्क्रूंची भोकं होती. आत खालच्या एजन्सीची माणसं. कपाट जिन्यावरून उतरवत होते आणि त्याचं दार पायरीपायरीला उघडत होतं. मामाची खुर्ची आधीच खाली गेली होती, वेगळ्याच माणसाला.

स्टेपलर खालच्या मजल्यावर भेटली. तिला तिथे घेतलंय. तिने सगळं सांगितलं. मामाने सहा तारखेला सही केली. भाव करायलाही थांबला नाही. खालच्या मालकाने विचारलं, इतकी वर्षं नाही म्हणत होता, आता एकदम? मामा म्हणाला, ज्याच्यासाठी ठेवलं होतं तो मोठ्या ठिकाणी चाललाय, माझा पाय त्याच्या पायात कशाला? मालकाने असंही विचारलं म्हणे, की भाच्याला ठेवून घेऊ का आमच्याकडे? मामा ताठ मानेने म्हणाला, तुम्हाला परवडायचा नाही तो.

परवा ऑपरेशन. तारीख लगेच मिळाली.

स्टेपलरने मला सरळ विचारलं, निकाल लागला का? म्हणालो, प्रक्रिया चालू आहे. ती नुसती बघत राहिली. ठक्क केलं असतं तर बरं झालं असतं.

२२ मार्च

ऑपरेशन नीट झालं. आई तिकडेच आहे. मला म्हणाली, ये. म्हणालो, येतो. गेलो नाही.

खाली जागा आहे का, विचारायला फोन उचलला आणि ठेवला. मालकाला काय सांगू? परवडतो म्हणून?

२४ मार्च

दिवसभर झोपून होतो. या सगळ्यात एक गोष्ट मला कळली नाही. जगात इतकी माणसं आहेत. सर, ती बाई, स्टेपलर, शेजारी, खुद्द आई. एकालाही वाटलं नाही की माझं होईल. फक्त मामाला वाटलं. त्याला अक्कल नाही असं मी इतके दिवस याच वहीत लिहीत आलो. त्याने माझ्या शब्दावर ऑफिस विकलं.

२५ मार्च, संध्याकाळी

सांगून टाकायचं ठरवून हॉस्पिटलमध्ये गेलो. बसमध्ये वाक्य पाठ केलं. मामा, माझं झालं नाही. चार शब्द, कुठलाही चौकोन घेईल.

खोलीत दोन खाटा. मामाचा पाय पट्ट्यांमध्ये, तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. मला बघून एकदम उठून बसायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आणि सलाइन बदलणाऱ्या नर्सला एकदमच म्हणाला, आला, हाच तो. म्हाताऱ्याने मला हात जोडले. मला! म्हणाला, आमच्या नातवाला दोन शब्द सांगा, तो काही करत नाही. नर्स म्हणाली, सकाळ-संध्याकाळ तुमचंच ऐकतोय आम्ही. मी म्हणालो, मामा. तो म्हणाला, थांब, आधी हे बघ.

व्यायाम शिकवणारा आला होता. मामाला वॉकर धरून उभं केलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. त्याने बस म्हटलं तरी मामाने दातओठ खाऊन तिसरं टाकलं. शर्ट घामाने भिजला. खाटेवर बसल्यावर धाप लागलेली असतानाच विचारलं, निघायचं कधी?

वाक्य तोंडाशी होतं. शपथ, तोंडाशी होतं.

म्हणालो, पुढच्या महिन्यात.

मामा म्हणाला, मग जमेल. तोवर हे काढून फेकतो. विमानतळावर सोडायला मी येणार, चालत येणार, कुणाचं ऐकणार नाही. आणि व्यायामवाल्याला म्हणाला, चला हो, आणखी एकदा.

बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो. लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे. आई शेजारी येऊन बसली. तिने काही विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत असावं. आतून वॉकर टेकल्याचा आवाज येत होता आणि मामा पावलं मोजत होता.

आता पुढच्या महिन्यात मला कुठेतरी जावं लागणार.